३२ हजार माणसं कुठं गेली? मेहकर तालुक्याची शिरगणती आणि आपलं अर्थकारण

(हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की, आता दीड तास लोकसंख्येचा भस्मासुर, कुटुंब लहान सुख महान, असं काहीतरी ऐकावं लागणार. तसं नाही. भाषण कमी आणि हिशोब जास्त करायचा आहे. आणि हिशोब मुंबई-दिल्लीचा नाही, आपण बसलोय त्या मेहकर तालुक्यापासून सुरू करू.

इंग्रजांनी १८९१ मध्ये शिरगणती केली, तेव्हा मेहकर तालुक्यात साधारण १ लाख ५३ हजार माणसं मोजली गेली. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, पुन्हा मोजली. भरली १ लाख २१ हजारांच्या आसपास. म्हणजे ३२ हजार कमी. दर पाच माणसांमागे एक माणूस नाही. त्याच दहा वर्षांत बुलढाणा जिल्हा ४ लाख ८१ हजारांवरून ४ लाख २३ हजारांवर आला, म्हणजे शंभरातले बारा कमी. आणि सगळा वऱ्हाड धरला तर सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर, शंभरातले पाच कमी. बघा, वऱ्हाडात पाच, जिल्ह्यात बारा, मेहकरात एकवीस. जसजसं आपण आपल्या अंगणाकडे येतो तसतसा आकडा वाईट होत जातो.

एक खुलासा आधीच करतो. तेव्हाचा बुलढाणा जिल्हा म्हणजे चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तीनच तालुके. खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके अकोल्याकडून आपल्याकडे आले ते १९०५ मध्ये. म्हणून आजच्या जिल्ह्याशी तेव्हाच्या जिल्ह्याची सरळ तुलना करू नये. पण १८९१ आणि १९०१ हे दोन आकडे त्याच जुन्या जिल्ह्याचे आहेत, त्यामुळे त्यांची तुलना चालते.

तर प्रश्न असा, की ही ३२ हजार माणसं कुठं गेली?

लोकसंख्येची वही फार साधी असते. तिच्यात तीन खाने. जन्म, मरण, आणि जाणं-येणं. चौथा खाना नाही. गावातला आकडा वाढला किंवा घटला, तर या तिन्हींपैकी कुठेतरी काहीतरी घडलेलं असतं. अर्थकारण, राजकारण, सावकारी, बँका, शेअरबाजार, सगळ्यांच्या मुळाशी गेलात तर हे तीन खाने सापडतात. पण आम्ही आज जे सांगणार आहोत ते याच्या पुढचं आहे. हे आकडे नशिबाने ठरत नाहीत, ते ठरवले जातात. कोण ठरवतं, तेवढंच आपल्याला शोधायचं आहे.

आधी भरतीचा काळ पाहू, मग ओहोटीकडे येऊ. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर आठच वर्षांनी तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या, आणि जगाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. १८७० मध्ये जळंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. देशाचा व्हाइसरॉय खामगावला कशासाठी? कापसासाठी.

या काळात माणूस वऱ्हाडाकडे ओढला गेला. १८६७ मध्ये वऱ्हाडची पहिली शिरगणती झाली, तेव्हा सुमारे २२ लाख लोक होते. १८८१ मध्ये ते जवळजवळ पावणेसत्तावीस लाख झाले. चौदा वर्षांत एवढी वाढ नुसत्या जन्माने होत नाही. आजूबाजूच्या मुलखातून शेतकरी आले, मजूर आले, मारवाडातून व्यापारी आले, जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम करणारे आले. पडीत जमीन वहितीखाली आली. जी जमीन कोणी फुकट घेत नव्हतं तिला भाव आला.

आता इथे पैशाचं गणित बघा. वऱ्हाडात रयतवारी होती. शेतकऱ्याचं नाव जमिनीवर लागलं, आणि ती जमीन विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली. जमिनीला भाव का आला? कापसाला भाव होता म्हणून, आणि ती कसायला माणसं होती म्हणून. मग सावकार त्या भावावर कर्ज द्यायला तयार झाला. म्हणजे सावकाराच्या वहीतलं कर्ज शेवटी उभं होतं दोन खांबांवर, लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव आणि वऱ्हाडातल्या माणसांची संख्या. यातला एक खांब जरी हलला तरी छप्पर खाली येणार.

आणि तसंच झालं. १८९६-९७ मध्ये देशात दुष्काळ पडला. धान्य महागलं. वऱ्हाडातला गरीब मजूर बाजारातून ज्वारी विकत घेणारा होता, कारण जमीन कापसाखाली गेलेली. त्याला पहिला फटका बसला. त्यातून सावरायच्या आत १८९९ मध्ये पाऊस गेला. संवत १९५६ होतं, म्हणून जुनी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. आम्ही लहान होतो तेव्हा घरात कोणी ताटात अन्न टाकलं की म्हातारी माणसं म्हणायची, ‘छप्पन पाहिला नाही तुम्ही.’ त्यांनीही तो पाहिलेला नव्हता. त्यांच्या आजीने पाहिलेला. पण शब्द तीन पिढ्या टिकला.

मंडळी, रेल्वे तर होती. मग धान्य का आलं नाही? धान्य येत होतं. पण रेल्वे धान्य आणते तशी नेतेही. ती भूक बघत नाही, भाव बघते. ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याकडे धान्य जातं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट नीट मांडली, की दुष्काळात माणूस मरतो तो अन्न नसतं म्हणून असंच नाही, तर ते मिळवण्याचं त्याच्याकडे साधन नसतं म्हणून. मजुरी बंद झाली की मजुराचं साधन संपलं. आणि आमच्या घाटावरच्या मुलखाला आणखी एक अडचण. रेल्वे घाटाखालून जाते. मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव, सगळं घाटाखाली. मेहकर घाटावर, पैनगंगेच्या काठी, रुळापासून लांब. त्या वेळी बैलगाडीने चारा नसलेल्या वाटेवरून धान्य वर आणायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. जिल्ह्यापेक्षा मेहकरचा आकडा इतका वाईट का, याचं एक कारण आम्हाला इथे दिसतं. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो, ती नुसती प्रवासाच्या सोयीची नाही. तिच्यामागे एवढी जुनी आठवण आहे.

आता दुसरी बाजू. ही रेल्वे बांधणारी कंपनी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला, लंडनमध्ये शेअर विकून उभी राहिली. सरकारने त्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा होवो न होवो, पाच टक्के मिळणारच, आणि तूट पडली तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. तिजोरीत पैसा येणार कुठून? शेतसाऱ्यातून. १९०० मध्ये सरकारने ती कंपनी विकत घेईपर्यंत ही हमी कायम होती. म्हणजे लंडनच्या भांडवलाला हमी होती, मेहकरच्या मजुराला नव्हती. लोकसंख्या बाजाराला घडवते असं आपण म्हणतो, ते खरं आहे. पण बाजारसुद्धा लोकसंख्या घडवतो. कुणाची जोखीम कोण उचलणार, हे कागदावर ठरलेलं असतं. त्या कागदावरून पुढे शिरगणतीचा आकडा ठरतो.

मग ती ३२ हजार माणसं? तिन्ही खान्यांत सापडतात. काही मेली, उपासाने कमी आणि पटकी, हगवण, हिवताप यांनी जास्त, कारण खंगलेल्या शरीराला रोग लवकर धरतो. काही घर सोडून गेली, पोट भरेल तिकडे. आणि काही जन्मलीच नाहीत. हा तिसरा खाना लोक विसरतात. दुष्काळात गर्भ राहत नाही, लग्नं लांबतात, नवराबायको वेगवेगळ्या दिशेला कामाला जातात. दुष्काळानंतरच्या वर्षात जन्माचा आकडा खाली जातो, आणि मग दोन-तीन वर्षांनी एकदम वर येतो. टिम डायसन नावाचे इंग्लंडमधले अभ्यासक आहेत. त्यांनी वऱ्हाडच्या १८८१ ते १९८० या शंभर वर्षांच्या लोकसंख्येचा इतिहास लिहिला. वऱ्हाडच का? कारण इथली जन्म-मृत्यूची नोंद त्या मानाने चांगली होती. गावोगाव लोक मरत होते आणि त्यांची नोंद चोख होत होती. नोंद करणारं सरकार आणि जगवणारं सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण लक्षात ठेवू.

आणि त्या सरकारच्या डोक्यात काय होतं? थॉमस माल्थस यांचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. लोकसंख्या धान्यापेक्षा वेगाने वाढते, मग दुष्काळ, रोगराई येऊन तिला आळा घालतात, असं त्यांनी १७९८ मध्ये मांडलं. पण शाळेत हे सांगत नाहीत की, हे माल्थस हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक होते. हिंदुस्थानात येणारे साहेब त्या कॉलेजातून शिकून येत. दुष्काळ म्हणजे निसर्गाचा हिशोब, सरकारने त्यात फार हात घालू नये, हा विचार त्यांच्याबरोबर बोटीतून इकडे आला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळी कामांचे नियम झाले, खडी फोडायची कामं निघाली, हे मान्य. पण हात नेहमी आखडता राहिला.

पुढे चला. १९०१ नंतर वऱ्हाड भरून निघाला, १९११ पर्यंत तीस लाखांच्या वर गेला. आणि मग १९१८ आलं. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, पाऊस दगा देऊन गेलेला, आणि मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ रेल्वेबरोबर आत शिरली. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत देशात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक. १९११ आणि १९२१ च्या शिरगणतीत वऱ्हाडचा आकडा जवळपास तेवढाच राहिला. दहा वर्षांची वाढ एका साथीने पुसून टाकली. देशाची लोकसंख्या तर त्या दशकात थोडी घटली. पुढे कधीच ती घटली नाही, म्हणून १९२१ ला आपल्या लोकसंख्येच्या इतिहासात मोठा दुभाजक मानतात.

पण या साथीचा फरक असा, की दुष्काळाने लेकरं आणि म्हातारे जास्त नेले होते, हिने वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं नेली, आणि त्यातही बाया जास्त, कारण आजाऱ्याची सेवा त्यांनीच केली आणि घरात उरलेलं शेवटी त्यांनीच खाल्लं. आता पेरणीचा हंगाम, आणि घरातला कर्ता गेलेला. काय होईल?

यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. त्या काळी अर्थशास्त्रज्ञ म्हणायचे, हिंदुस्थानातल्या शेतीत माणसं इतकी फाजील आहेत की, काही काढून घेतली तरी उत्पन्नात फरक पडणार नाही. थिओडोर शुल्झ यांनी १९६४ मध्ये १९१८ च्या साथीचे आकडे काढून दाखवले, की ज्या प्रांतांत माणसं जास्त मेली तिथे पेरा जास्त घटला. म्हणजे एकही माणूस फाजील नव्हता. या शुल्झ यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. अमर्त्य सेन यांनी त्यांच्या पडताळ्याच्या पद्धतीवर हरकत घेतली, वाद चालू राहिला. आम्ही त्यात पडत नाही. पण बघा, आपल्याच पणज्या-खापरपणज्यांच्या मरणाचे आकडे घेऊन जगातले विद्वान भांडत होते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. म्हणून हे इथे सांगायचं.

त्याच १९२१ मध्ये मुंबईत एक वेगळी गोष्ट घडली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. लोकांनी त्यांना नावं ठेवली, खटले भरले. तेव्हा देशात मरणाचा खाना अजून भरलेला होता, आणि हा माणूस जन्माच्या खान्याबद्दल बोलत होता, तोही सरकारच्या सोयीसाठी नाही, बाईच्या शरीरावर बाईचा हक्क म्हणून. पुढे १९५३ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांचं पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. घरोघर जाऊन विचारलेलं. मराठी मुलखात या विषयाची शास्त्रीय परंपरा ही अशी आहे. आणि याच मुलखात १९७६ मध्ये, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. एका टोकाला कर्वे, दुसऱ्या टोकाला हे विधेयक. एकाला माणूस दिसत होता, दुसऱ्याला आकडा.

आता १९७२ वर येऊ, कारण इथे बसलेल्या कित्येकांना तो दुष्काळ आठवतो. खडी फोडलेली आठवते, मिलो आठवते, सुकडी आठवते. पाऊस तेव्हाही गेला होता, काही भागांत सलग दोन-तीन वर्षं. हाल झाले, गुरं गेली. पण शिरगणतीचा आकडा काढा. १९७१ मध्ये महाराष्ट्र ५ कोटी ४ लाख, १९८१ मध्ये ६ कोटी २८ लाख. दुष्काळाच्या दशकात लोकसंख्या वाढली. १९०० मध्ये पाऊस गेला आणि माणसं गेली, १९७२ मध्ये पाऊस गेला आणि माणसं राहिली. मधे काय बदललं? धान्याची व्यवस्था बदलली, दवाखाने, लशी आल्या, हे आहेच. पण सगळ्यात मोठा बदल म्हणजे मेहकरच्या मजुराला १९०० मध्ये मत नव्हतं, १९७२ मध्ये होतं. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच दुष्काळात मोठी झाली, तिचा कायदा झाला, आणि तिला पैसा आणायचा म्हणून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे मुंबईच्या पगारातून घाटावरच्या मजुराची मजुरी. १८७० च्या कागदावर हमी भागधारकाला होती, १९७७ च्या कायद्यात हमी मजुराला मिळाली. आज तुमच्या पगारपत्रकातून दरमहा कापला जातो ना व्यवसाय कर, त्याचं मूळ इथे आहे. पुढच्या वेळी कापला गेला की चिडू नका.

आता आपल्या काळाकडे. मरणाचा खाना रिकामा होत गेला, मग जन्माचाही रिकामा होऊ लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आढळली. पिढी जेवढ्यास तेवढी राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे नियम सोपा आहे, आज ज्या मुलांच्या शाळा आहेत, त्यांच्या मुलांच्या शाळेत बाकं मोकळी राहणार. कित्येक गावांत ती आत्ताच मोकळी आहेत. २०११ मध्येच महाराष्ट्रात दर दहांत एक माणूस साठीच्या वरचा होता. ते प्रमाण वाढतच जाणार.

अर्थशास्त्रात याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. मुलं कमी, म्हातारे अजून थोडे, कमावते हात जास्त, अशी तीस-चाळीस वर्षं प्रत्येक समाजाच्या वाट्याला एकदाच येतात. जपानच्या वाट्याला ती आली, त्यांनी कारखाने उभे केले, बचत केली. १९९१ च्या सुमारास तिथल्या जमिनीच्या भावाचा फुगा फुटला आणि १९९५ नंतर काम करणाऱ्या वयाची माणसं कमी होऊ लागली. पण म्हातारं व्हायच्या आधी ते श्रीमंत झाले होते. आपल्यापुढचा प्रश्न तोच आहे. बुलढाणा जिल्हा श्रीमंत व्हायच्या आधी म्हातारा होणार का?

कारण आमच्या वहीत तिसरा खाना भरभरून वाहतोय, जाण्याचा. पोरं पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, मुंबईला. आता मधल्या वयाची माणसं गावात नाहीत. सोयाबीनच्या सोंगणीला माणूस मिळत नाही, गुत्त्याने द्यावी लागते, नाहीतर हार्वेस्टर. पाडव्याला सालदार ठेवायचा तर मिळत नाही. शेत बटईने नाहीतर ठोक्याने. आणि बँकेत, पतसंस्थेत काय होतं? म्हातारा माणूस ठेव ठेवतो, तरुण माणूस कर्ज काढतो. गावात म्हातारे राहिले आणि तरुण शहरात गेले, तर ठेवी गावच्या आणि कर्ज शहराचं. पैसा उताराकडे जातो, पाण्यासारखा. आपल्या म्हाताऱ्यांच्या ठेवीतून पुण्याच्या फ्लॅटला कर्ज मिळतं, जो फ्लॅट आपल्याच पोराने घेतलेला असतो. यात कोणाची चोरी नाही. पण गाव मात्र रिकामं होतं.

राजकारणातही हेच. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत २००१ ची जनगणना धरली गेली. विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या, आणि एकट्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४. माणूस गेला तिकडे आमदार गेला. आपल्याकडचा जळंब मतदारसंघ त्यात नाहीसा झाला. तेच जळंब, जिथून १८७० मध्ये खामगावचा फाटा निघाला होता. बुलढाणा लोकसभा राखीव होती ती खुली झाली, मेहकर विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. हे निर्णय कोणा एका नेत्याच्या मर्जीने झाले नाहीत, शिरगणतीच्या तक्त्यावरून झाले. लोकसभेच्या राज्यवार जागा मात्र १९७१ च्या आकड्यांवर गोठवलेल्या आहेत, ज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्यांना शिक्षा होऊ नये म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटा देताना २०११ ची लोकसंख्या धरली, पण जन्मदर कमी केल्याबद्दल साडेबारा टक्के वजन वेगळं ठेवलं. दक्षिण आणि उत्तर यांच्यात जो वाद चाललाय, तो मुळात जन्माच्या खान्यावरून आहे. हाच वाद उद्या महाराष्ट्रात विदर्भ आणि कोकणपट्टी यांच्यात आणखी तीव्र होणार, कारण पुढच्या जनगणनेनंतर पुन्हा वाटणी व्हायची आहे.

शेवटचा मुद्दा, आणि तो सांगताना आम्हाला बरं वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतली मुलं मोजली, तर हजार मुलग्यांमागे मुली ८५५. राज्याचा आकडा ८९४. आपल्याच जिल्ह्यात २००१ मध्ये ९०८ होता. दहा वर्षांत ५३ ने खाली. गर्भलिंग चाचणीविरुद्ध पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचं जन्मगाव, त्या जिल्ह्याचा हा आकडा.

१९०१ च्या वहीत ३२ हजार कमी होते. त्याला दुष्काळ होता, परकं सरकार होतं, आपण दोष देऊ शकतो. या मुली कमी झाल्या त्या वर्षांत दुष्काळ नव्हता. पैसे होते, मोटारसायकल होती, सोनोग्राफीला जायला रस्ता होता. आता गावोगाव तिशीतली पोरं बिनलग्नाची बसली आहेत, आणि त्यांचे आईबाप म्हणतात, शेती करणाऱ्याला मुलगी देत नाहीत. देत नाहीत हे खरंच, पण काही ठिकाणी द्यायला मुलगीच नाही, हेही खरं. ज्याने हे केलं त्याच्याच घरात ते परत आलं असं नाही. शेजाऱ्याच्या पोराच्या वाट्याला आलं. लोकसंख्येचं कर्ज असंच असतं, काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, तेही वीस-पंचवीस वर्षांनी.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. सरकारची जनगणना होईल तेव्हा होईल. तुम्ही आपल्या गावाची वही काढा. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद असते, शाळेत पटसंख्या असते. तीन खाने आखा. गेल्या पाच वर्षांत किती जन्मले, त्यात मुली किती, किती गेले, कोण कुठे गेलं. ग्रामसभेत वाचून दाखवा. शाळा बंद होणार असेल तर ते पाच वर्षं आधी कळेल. एकट्या म्हाताऱ्यांची घरं किती, हे कळेल. मुलींचा आकडा खाली गेला असेल तर तो सगळ्यांच्या समोर वाचला जाईल, आणि समोर वाचला गेला की लाज वाटते. लाज हीसुद्धा एक सामाजिक शक्ती आहे.

१९०१ मध्ये आपली मोजणी दुसऱ्यांनी केली, स्वतःच्या हिशोबासाठी. ती वही त्यांच्या कपाटात राहिली. मेहकरच्या त्या ३२ हजारांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. आता निदान आपली मोजणी आपण करू, आणि नावानिशी करू.

आता प्रश्न विचारा. आणि मागच्या रांगेतल्या बायांनी आधी विचारा, नेहमी पुढचेच विचारतात.